चौथं कडवं

कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याच्या ‘हालेलुया’चं चौथं आणि शेवटचं कडवं बहुतेक गायक गात नाहीत. गाणं लग्नांत वाजतं, अंत्यविधीला वाजतं, नाताळात वाजतं, टीव्हीवरच्या स्पर्धांत हमखास टाळ्या मिळवून देतं. पण ज्या ओळींवर कोहेनने ते 1984 साली संपवलं, त्या ओळी बहुसंख्य श्रोत्यांनी ऐकलेल्याच नाहीत. एवढं लाडकं गाणं, आणि त्याचा शेवटच गळालेला! हे कसं झालं त्याची गोष्ट मला फार दिवसांपासून लिहायची होती.

माझ्या पिढीतल्या अनेकांसारखं मीही हे गाणं उलट्या क्रमाने ऐकलं. आधी ‘श्रेक’मध्ये, व्हीसीडीवर. हिरवा राक्षस एकटा पडलाय, राजकन्या दुसऱ्याशी लग्न करायला निघालीय, आणि मागे कुणीतरी पियानोवर अगदी कोरड्या आवाजात गातंय. मग हॉस्टेलमध्ये एका मैत्रिणीच्या हेडफोनवर अमेरिकन गायक जेफ बकली. रात्रभर तेच. आणि मूळ गाणं, खुद्द कोहेनचं, पुष्कळ वर्षांनी. तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. मागे कोरस, सिंथेसायझर, ड्रम्स, आणि पुढे एक माणूस जवळजवळ बोलतच चाललेला. त्या रेकॉर्डिंगवर माझा जीव जडायला वेळ लागला, पण आता जडलाय.

कोहेन मूळचा माँट्रियलचा, 1934 सालचा, तिथल्या सधन ज्यू घराण्यातला. त्याच्या आईचे वडील धर्मशास्त्राचे मोठे पंडित होते. गायक होण्याआधी त्याचे कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. पहिला आल्बम 1967 साली आला तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. म्हणजे हा शब्दांकडून सुरांकडे आलेला माणूस, आणि शब्दांच्या बाबतीत कमालीचा चिकट. ‘हालेलुया’ची कडवी तो वर्षानुवर्षं लिहीत होता. ऐंशीच्या आसपास कडवी झाली होती असं सांगितलं जातं. न्यूयॉर्कच्या रॉयल्टन हॉटेलच्या खोलीत अंतर्वस्त्रांवर जमिनीवर बसून, हे गाणं काही मला संपवता येत नाही म्हणत तो फरशीवर डोकं आपटत होता, हा प्रसंग त्याने स्वतःच सांगितला आहे.

पुढे पॅरिसच्या एका कॅफेत बॉब डिलन भेटला. डिलनला हे गाणं फार आवडायचं. 1988 सालच्या आपल्या मैफलींत त्याने ते गायलंही आहे, म्हणजे बाकीच्या जगाला पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी. त्याने विचारलं, लिहायला किती वेळ लागला? कोहेन म्हणाला, दोन वर्षं. खरं तर जास्त लागली होती, सांगायला संकोच वाटला. मग कोहेनने डिलनच्या एका गाण्याबद्दल तोच प्रश्न केला. उत्तर आलं, पंधरा मिनिटं. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो आणि लोक हसतात. पण त्याच भेटीची एक गोष्ट कोहेनने सांगितली आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. डिलनला सगळ्यात जास्त आवडलं होतं ते शेवटचं कडवं.

त्या कडव्यात काय आहे ते आधी सांगते. आधीची कडवी बायबलमधल्या गोष्टींवर उभी आहेत. दावीद राजा, वीणा वाजवणारा, स्तोत्रं रचणारा. त्याला एक गुप्त सुरावट सापडली आणि ती देवाला आवडली. मग तोच दावीद गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा पाहतो आणि घसरतो. तिच्या गोष्टीत कोहेन शमशोनाची गोष्ट मिसळतो, ज्याचे केस दलीलेने कापवले आणि ज्याची ताकद गेली. पुढे कुणीतरी गाणाऱ्याला म्हणतं की तू देवाचं नाव उगाच घेतलंस, आणि तो उत्तर देतो की मला तर ते नावही ठाऊक नाही. तोवर हे सगळं दुसऱ्यांबद्दलचं, किंवा दुसऱ्यांशी चाललेलं. चौथ्या कडव्यात गाणारा स्वतःबद्दल बोलू लागतो. मी जमेल तेवढं केलं, ते काही फार नव्हतं. मला जाणवत नव्हतं, म्हणून मी स्पर्श करून पाहिला. मी खरं बोललो, कुणाला फसवायला आलो नव्हतो. आणि सगळं चुकत गेलं तरी गाण्याच्या त्या देवापुढे मी उभा राहीन आणि माझ्या जिभेवर ‘हालेलुया’, म्हणजे देवाची स्तुती करा, या एका शब्दाशिवाय दुसरं काही नसेल.

बस्स. आणि मग तो शब्द, पुन्हा पुन्हा.

माझे बाबा साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या भजनी मंडळात गायचे. गळा बेताचा, पण पाठांतर दांडगं. त्यांना मी हे गाणं ऐकवलं ते बकलीच्या आवाजात. मांडीवर ठेका धरून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. ठेका दादऱ्याचा होता, आणि तो बरोबर जुळत होता. गाणं मुळातच सहा मात्रांच्या झोक्यावर चालतं. ऐकून झाल्यावर त्यांनी अर्थ विचारला. मी एकेक कडवं सांगितलं. मूळ गाण्यात अजून एक शेवटचं कडवं आहे आणि ते हा गात नाही, हे सांगून त्याचाही अर्थ सांगितला. बाबा म्हणाले, “अगं, मग मुद्राच गाळली की त्यानं.”

भजनात असं असतं की अभंग सात चरणांचा असला तरी सातही गायले जातातच असं नाही. वेळ पाहून, समोरची माणसं पाहून गाणारा तीनच घेतो. मधला एखादा आधी, एखादा नंतर. चालही ज्याची त्याची. पण ‘तुका म्हणे’चा चरण कुणी सोडत नाही. तिथे बोलणारा समोर येतो, इतका वेळ जे सांगितलं त्याची जबाबदारी घेतो, आणि तिथेच अभंग पुरा होतो. बाबांचं ते एक वाक्य ऐकल्यापासून मला या गाण्याचा सगळा इतिहासच वेगळा दिसू लागला.

संगीताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शब्दांच्या कौतुकात चालीवर अन्याय होतो. गाणं सी मेजरमध्ये आहे. पहिल्या कडव्यात कोहेन त्या गुप्त सुरावटीचं वर्णन करतो, की ती अशी जाते, चौथा, पाचवा, मग मायनर उतरतो, मेजर वर उचलतो. आणि तो हे म्हणत असताना साथीला अगदी तेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजतात. एफ, जी, ए मायनर, एफ. आपल्याकडच्या लक्षणगीतात रागाची लक्षणं त्याच रागात बांधून गातात, तसाच हा प्रकार. त्याच्या लगेच पुढे, राजा गोंधळलेल्या अवस्थेत रचना करतोय असं म्हणताना, एक ई मेजर येतो. हा कॉर्ड त्या सप्तकाच्या बाहेरचा. सी हा षड्ज धरला तर या कॉर्डातून कोमल धैवत आत शिरतो, आणि मग सुटका होते ती ए मायनरवर. पेटीवर वाजवून पाहा. तो धैवत येतो तेव्हा छातीत काहीतरी हलतं, आणि म्हणूनच अगदी सुमार गायकाच्या तोंडूनही हे गाणं पूर्णपणे पडत नाही.

तर हे गाणं 1984 साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. निर्माता जॉन लिसॉअर. ‘व्हेरियस पोझिशन्स’ नावाचा आल्बम. आपण काहीतरी मोठं केलंय अशी लिसॉअरची खात्री होती. कोलंबिया रेकॉर्ड्स जिच्या मालकीची होती त्या सीबीएस रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी आल्बम ऐकला आणि अमेरिकेत काढायला नकार दिला. कोहेनच्या सांगण्याप्रमाणे ते म्हणाले, लेनर्ड, तू थोर आहेस हे आम्हाला माहीत आहे, पण तू चांगला आहेस की नाही ते कळत नाही. शेवटी अमेरिकेत पासपोर्ट नावाच्या एका लहान कंपनीने तो काढला. फारसा कुणी ऐकला नाही. ‘हालेलुया’ दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं होतं. त्यावर कुणी लेख लिहिले नाहीत की रेडिओने ते उचललं नाही.

कोहेन मात्र ते गात राहिला, आणि गाताना बदलत राहिला. 1988 च्या दौऱ्यात त्याने जवळजवळ सगळी कडवी नवी घातली. दावीद गेला, बथशेबा गेली. त्याऐवजी एका संपलेल्या नात्याची, रिकाम्या खोलीची, शरीराच्या जवळिकीची कडवी आली. म्हणजे एकाच गाण्याचे दोन पाठ झाले, एक देवळाच्या बाजूचा आणि एक बिछान्याच्या बाजूचा. दोन्हींत सामाईक राहिलं फक्त शेवटचं कडवं. बाकी सगळं बदलूनही कर्त्याने ज्याला हात लावला नाही, नेमकं तेच!

आता जॉन केल. वेल्समध्ये वाढलेला, ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या रॉक बँडचा व्हायोला वाजवणारा, शिस्तीचा आणि तिरकस डोक्याचा संगीतकार. त्याने कोहेनला न्यूयॉर्कमध्ये हे गाणं गाताना ऐकलं होतं. पुढे फ्रान्समधल्या ‘लेझाँरोक्युप्तिब्ल’ या नियतकालिकाने कोहेनच्या गाण्यांचा एक सन्मान-आल्बम करायचं ठरवलं. केलने ‘हालेलुया’ निवडलं आणि कोहेनकडे शब्द मागितले. फॅक्स सुरू झाला तो थांबेना. पंधरा पानं.

त्या पंधरा पानांपुढे बसलेला केल हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो. त्याने काय केलं? आल्बममधली पहिली दोन कडवी घेतली, दावीदचं आणि बथशेबा-शमशोनाचं. त्यांना दौऱ्यातल्या नव्या कडव्यांपैकी तीन जोडली. धार्मिक वळणाच्या काही ओळी आपल्या तोंडून खऱ्या वाटणार नाहीत असं त्याला वाटलं, म्हणून त्या बाजूला ठेवल्या आणि खट्याळ म्हणावीत अशी कडवी घेतली. कोरस काढला, ड्रम्स काढले, नुसता पियानो ठेवला. देऊळ आणि बिछाना पहिल्यांदा एका गाण्यात शेजारी शेजारी आले ते केलमुळे. आज जगभर जे गाणं ‘हालेलुया’ म्हणून ओळखलं जातं, त्याची रचना कोहेनच्या शब्दांची पण केलच्या हातची आहे. याला नुसतं कव्हर म्हणणं मला अपुरं वाटतं. हे संपादन होतं, आणि फार वरच्या प्रतीचं.

आणि याच संपादनात चौथं कडवं गेलं. केलचं गाणं जिथे संपतं तिथे देव कदाचित असेल, पण प्रेमाने मला शिकवलं ते एवढंच की माझ्याआधी पिस्तूल काढणाऱ्यावर गोळी कशी झाडायची. हा शब्द म्हणजे थंड पडलेला, मोडलेला हालेलुया. इथे दिवा मालवतो. कोहेनच्या पाठात हा मोडलेपणा शेवटच्या आधीचा मुक्काम होता, त्याच्या पुढे उभं राहणं होतं. केलच्या पाठात तोच शेवट झाला. केलला मी दोष देत नाही. ज्या ओळी आपल्याला मनापासून म्हणता येत नाहीत त्या न म्हणणं हा गाणाऱ्याचा प्रामाणिकपणा आहे. पण त्याच्यानंतर आलेल्यांनी पंधरा पानं पाहिलीच नाहीत. त्यांनी केलची निवड हेच मूळ मानलं.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीचे पाठभेद तपासून शुद्ध प्रत तयार केली आणि बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील. ग्रंथासाठी ते आवश्यकच होतं. कोहेनने आपल्या गाण्याभोवती असं कुंपण कधीच घातलं नाही. ज्याने मागितलं त्याला पानंच्या पानं पाठवली आणि निवड त्याच्यावर सोडली. गाणं एवढं पसरलं त्यामागे हा उदारपणा आहे, आणि त्याचा शेवट हरवला त्यामागेही.

जेफ बकलीकडे हे गाणं आलं ते केलच्या रेकॉर्डवरून. नव्वदीच्या सुरुवातीला तो न्यूयॉर्कला ओळखीच्या एका घरी राहत असताना तो सन्मान-आल्बम त्याच्या हाती लागला. वडील टिम बकली नावाजलेले गायक, पण त्यांचा सहवास त्याला जवळजवळ मिळाला नाही, आणि 1975 साली ते अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. बकली ईस्ट व्हिलेजमधल्या ‘शिनेय’ नावाच्या छोट्या कॅफेत एकटा इलेक्ट्रिक गिटार घेऊन गायचा. मराठी वाचकांना त्याची एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. तो नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा वेडा भक्त होता. त्याच कॅफेत तो ‘ये जो हलका हलका सुरूर है’ गायचा, आणि त्याचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं आहे. अमेरिकन कॉफीचे पेले समोर घेऊन बसलेली माणसं, आणि हा मुलगा डोळे मिटून उर्दू शब्दांत शिरायचा प्रयत्न करतोय. 1996 साली त्याने खाँसाहेबांची मुलाखतही घेतली. त्याच्या ‘हालेलुया’त शेवटी एकच स्वर तो लांबवत नेतो, श्वास संपेल असं वाटत असताना आणखी लांबवतो. तो स्वर ऐकताना मला कव्वालीतली ती उठावाआधीची जागा आठवते. हे माझं ऐकणं आहे, पुरावा काही नाही, पण जो दिवसरात्र नुसरत ऐकत होता त्याच्या गळ्यात ते उतरणारच.

त्याचा ‘ग्रेस’ आल्बम 1994 च्या ऑगस्टमध्ये आला. ‘हालेलुया’ त्यात जवळजवळ सात मिनिटांचं आहे. सुरुवातीला एक सुस्कारा ऐकू येतो, मग गिटार. कडवी केलची, क्रमही तोच. पण केलने जे तटस्थपणे सांगितलं ते बकलीने आतून गायलं, उत्कट, तरुण आणि दुखावलेलं. तोवर हे गाणं वय झालेल्या माणसाचं होतं. बकलीने ते पंचविशीतल्या मुलाचं केलं, आणि पंचविशीतल्या मुलाला चौथ्या कडव्याची गरजही वाटली नसावी. मी जमेल तेवढं केलं, हे म्हणायला मागे काही वर्षं लागतात. त्याला ती मिळाली नाहीत. 29 मे 1997 रोजी मेम्फिसमध्ये वुल्फ नदीच्या एका प्रवाहात तो कपड्यांनिशी पोहायला उतरला आणि बुडाला. वय तीस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाँसाहेबही गेले.

‘ग्रेस’ला सुरुवातीला फारसा खप नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर मात्र तो आवाज आणि ते गाणं एक झालं. माणूस गेल्यावर त्याचं गाणं ऐकायचं, आणि ते गाणं मोडलेपणावर संपणारं असायचं, यातून ‘हालेलुया’ला शोकगीताचा रंग चढला तो आजतागायत उतरलेला नाही.

2001 साली ‘श्रेक’ आला. चित्रपटात केलचा आवाज आहे आणि साउंडट्रॅकच्या आल्बमवर रूफस वेनराइटचा. मुलांच्या चित्रपटाला चालतील एवढ्याच ओळी ठेवल्या होत्या. म्हणजे केलने निवडलेल्यातून पुन्हा निवड. यानंतर गाण्याला धरबंध राहिला नाही. मालिकांमध्ये कुणी वारलं की ‘हालेलुया’. कुणी गाव सोडून निघालं की ‘हालेलुया’. 2008 चा डिसेंबर तर अजबच होता. ब्रिटनमध्ये ‘एक्स फॅक्टर’ची विजेती अलेक्झांड्रा बर्क हे गाणं घेऊन नाताळच्या यादीत पहिली आली. तिच्यावर नाराज झालेल्या बकलीप्रेमींनी त्याची आवृत्ती विकत घेऊन दुसऱ्या क्रमांकावर नेली. आणि कोहेनचं स्वतःचं, चोवीस वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण छत्तिसाव्या क्रमांकावर दिसलं. बर्कच्या आवाजात ताकद आहे, पण ती आवृत्ती मला ऐकवत नाही. शेवटाकडे गॉस्पेलचा कोरस उसळतो, स्वर वर चढतो, आणि मोडलेल्या माणसाचं गाणं विजयाच्या घोषणेसारखं वाजू लागतं. शब्द आणि सूर एकमेकांकडे पाठ फिरवून उभे राहतात. त्यापेक्षा 2010 साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला के. डी. लँग पांढऱ्या सुटात, अनवाणी पायांनी जे गायली ते शंभर पटींनी खरं. प्रचंड स्टेडियम, आणि बाई एकेका शब्दाला वेळ देत गात होत्या.

कोहेनने स्वतः 2009 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की गाणं चांगलं आहे, पण फार माणसं ते गातात. ज्या कंपनीने ते काढायला नकार दिला होता तिच्या संदर्भात आता आपल्याला सूड उगवल्याचं थोडं समाधान वाटतं, असंही तो म्हणाला. पण जगाने शेवटचं कडवं टाकलं याबद्दल त्याने तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि हे गाणं जगभर फिरत होतं त्या सुमारास हा माणूस कुठे होता? पुष्कळदा आपल्या मुंबईत. 1994 पासून तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहिला होता, 1996 मध्ये त्याने भिक्षूची दीक्षाही घेतली होती. 1999 च्या सुरुवातीला तो मठ सोडून थेट मुंबईला आला तो रमेश बाळसेकरांना भेटायला. बाळसेकर बँक ऑफ इंडियातल्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, आणि खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज बिडीचं दुकान चालवत आणि माडीवरच्या खोलीत मराठीत बोलत. परदेशी लोकांसाठी बाळसेकर ते इंग्रजीत सांगत. महाराज 1981 साली गेले आणि पुढे बाळसेकरांच्या नेपियन्सी रोडजवळच्या घरी रोज सकाळी लोक जमू लागले. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरायचा आणि सकाळी त्या घरी जाऊन इतरांबरोबर बसायचा. पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा येत राहिला. बाळसेकरांचं मुख्य सांगणं असं, की घटना घडतात, कृती होतात, पण त्यांचा स्वतंत्र कर्ता कुणी नसतो. आयुष्यभर छळणारं आपलं नैराश्य याच काळात हळूहळू निवळत गेलं, असं कोहेनने नंतर सांगितलं आहे.

चौथं कडवं या सगळ्याच्या पंधरा वर्षं आधीचं आहे, तेव्हा ते मुंबईतून आलं असं म्हणायला जागा नाही. पण पुढे त्याने ते ज्या तऱ्हेने गायलं, त्यात मला नेपियन्सी रोडच्या त्या सकाळी ऐकू येतात.

कारण तो पुन्हा गायला उभा राहिला. त्याच्या व्यवस्थापिकेने त्याच्या निवृत्तीची पुंजी परस्पर संपवली होती. कोर्टात निकाल त्याच्या बाजूने लागला, तरी पैसे हाती आले नाहीत. 2008 साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याला दौऱ्यावर निघावं लागलं. कॅनडातल्या लहान गावांतून सुरुवात झाली आणि बघता बघता जगभरची मोठी सभागृहं भरू लागली. त्या मैफलींत ‘हालेलुया’ असायचंच. आता त्यात त्याची आल्बममधली कडवीही होती आणि नंतरचीही. केलने दाखवलेला मेळ त्याने मोकळ्या मनाने स्वीकारला होता. फक्त शेवटी, सगळं झाल्यावर, तो चौथ्या कडव्याकडे यायचा. लंडनच्या जुलै 2008 च्या मैफलीचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यात, मी कुणाला फसवायला आलो नाही, या ओळीत तो लंडनचं नाव घालतो. मी इथे लंडनला तुम्हाला फसवायला आलेलो नाही. लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात, तो थांबत नाही. अंगात सूट, टोपी काढून छातीशी धरलेली, गुडघे टेकलेले. आवाज खूप खोल गेलेला, जवळजवळ जमिनीला लागलेला.

ती मैफल मी बाबांना दाखवली. तेव्हा ते थकले होते, मंडळात जाणं बंद झालं होतं. कोहेन गुडघ्यांवर बसला तसे ते सावरून बसले. शब्द कळत नव्हते, पण कडवं ओळखलं त्यांनी. “हे ना ते?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग ते पुन्हा लावायला सांगितलं.

कोहेन 7 नोव्हेंबर 2016 रोजी गेला. त्यानंतर त्याचं मूळ ध्वनिमुद्रण, येटनिकॉफना नको असलेलं, अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीत पहिल्यांदाच आलं. क्रमांक 59. गाण्याला बत्तीस वर्षं झाली होती. त्याच नाताळात एका तरुण अकापेला, म्हणजे वाद्यांशिवाय गाणाऱ्या, गटाची आवृत्ती त्याहून कितीतरी जास्त वाजत होती. या गाण्याचा नाताळशी काही संबंध नाही, त्यात येशूचा जन्म नाही, गोठा नाही, तारा नाही. शब्द चर्चमधला आहे एवढ्यावरून लोकांनी ते आपलंसं केलं. मला ते गैर वाटत नाही. ज्याला जे हवं ते त्यातून घेता येतं, ते गाणं तसंच बांधलेलं आहे.

तरी एक विनंती. आपल्याकडे कॉलेजच्या स्टेजवर, मित्रांच्या बैठकीत, एखाद्या लग्नात गिटार घेऊन हे गाणं म्हणणारी पुष्कळ मुलंमुली आहेत. मधली कडवी हवी ती घ्या, हवी ती सोडा, कोहेनने ती मुभा सगळ्यांनाच दिली होती. बकलीसारखं गा किंवा केलसारखं. पण चौथं कडवं पाठ करा आणि शेवटी ते म्हणा. एक मिनिटसुद्धा लागत नाही. आणि कॉर्ड तेच आहेत, सी, ए मायनर, एफ, जी आणि तो एक ई. नवीन काही शिकावं लागणार नाही.